सहाणेवरची शेंग, सागाखालचं झुडूप

अकोल्यात आमचं काष्ठौषधीचं दुकान आहे. सासऱ्यांनी ते उभं केलं, त्यांच्या माघारी मी चालवते. वेखंडापासून नागरमोथ्यापर्यंत कितीतरी मुळ्या, साली, फळं इथल्या डब्यांत असतात. पण उन्हाळा असो की पावसाळा, गिऱ्हाईक ज्याच्यासाठी हटकून येतं ती वस्तू म्हणजे बाळघुटीचा पुडा. हिरडा, बेहडा, हळकुंड, वेखंड, सुंठ, जायफळ, मायफळ, जेष्ठमध, काकडशिंगी, खारीक, बदाम. आणि या सगळ्यांत वेगळी दिसणारी, पीळ घातलेल्या दोरीच्या तुकड्यासारखी एक तपकिरी शेंग. खेड्यातून आलेली आजी पुडा हातात घेतला की आधी तीच चाचपते. “मुरडशेंग हाय ना बाई याच्यात? थे नसली त घुटी काय कामाची!”

ही मुरुडशेंग ठाऊक नसलेलं मराठी घर विरळा. सहाणेवर तिचे किती वेढे द्यायचे, हे जुन्या बायकांना तोंडपाठ असतं. पण ती कशावर लागते, असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. कुणाला ती वेलीची वाटते, कुणाला शेतातल्या पिकाची. एका तरुण आईने मला विचारलं होतं, हिला हाताने पीळ देतात का? तिचा प्रश्न रास्त होता. इतका नेटका पीळ झाडावरच पडत असेल, हे पाहिल्याशिवाय पटणं कठीण. त्या सगळ्या आज्यांसाठी आणि आयांसाठी मी हे लिहिते आहे. मुरुडशेंग कुणी पेरत नाही, तिला कुणी पाणी देत नाही. आपल्या अकोला-अमरावतीच्या उत्तरेला जो सातपुडा उभा आहे, त्याच्या उतारावर, सागाच्या पायथ्याशी ती आपली आपण वाढते. तिथल्या जंगलाचा खालचा थर शाबूत राहिला, तरच ती पुढेही वाढत राहील.

गाविलगडच्या उतारावर

अकोटहून पोपटखेड्याकडे निघालं की दोन्ही अंगांना कपाशी, तूर, सोयाबीन. काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन, आणि समोर डोंगरांची रांग. पोपटखेडा मागे पडतं, शहानूर येतं आणि नरनाळा किल्ल्याची चढण लागते. अकोला जिल्ह्याची सपाटी इथे संपून गाविलगडचे डोंगर सुरू होतात. इथून चिखलदरा, धारणीपर्यंत पसरलेलं सगळं डोंगराळ रान म्हणजे मेळघाट. २२ फेब्रुवारी १९७४ रोजी इथे व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी तो एक. गाभा आणि बफर मिळून त्याचं क्षेत्र २,७०० चौरस किलोमीटरांहून जास्त भरतं. आमच्या अकोला जिल्ह्यातलं नरनाळा अभयारण्यही त्यातच येतं.

हे पानझडीचं, कोरड्या हवेचं जंगल. साग सगळ्यात जास्त. त्याच्या जोडीला साजड, धावडा, तिवस, सालई, मोह, तेंदू, कळम, आणि मधूनमधून बांबूची बेटं. वाटसरूची नजर या मोठ्या झाडांवर जाते, आणि जंगल म्हणजे एवढंच असं वाटतं. पण मान थोडी खाली केली की आणखी एक जंगल दिसतं, माणसाच्या कमरेपासून डोक्याच्या थोडं वरपर्यंतचं. धायटी, कुडा, येरोणी, ओढ्याकाठी निरगुडी, आणि उतारांवर जागोजागी मुरुडशेंग.

माझं माहेर परतवाड्याचं. वडील एसटीत वाहक होते. घटांग, सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जाणारा रस्ता त्यांच्या रोजच्या कामाचा. सुटीत ते मला सोबत नेत. गाडी घाट चढताना खिडकीशी येणाऱ्या फांद्या ते नावानिशी दाखवीत. मुरुडशेंगेचं झुडूप मी पहिल्यांदा ओळखलं ते त्यांच्या बोटामागून. उंची साधारण दोन माणसांपर्यंत, कधी त्याहून कमी. बुंधा असा एक नाही; जमिनीतून चार-सहा सडसडीत काठ्या एकदम वर आलेल्या. साल करडी. पानं रुंद, देठाशी हृदयाच्या आकाराची, कडेला करवतीसारखे दाते, आणि हात फिरवला तर खरखरीत. चैत्र-वैशाखात हे झुडूप जवळजवळ बोडकं असतं, मृगाचा पाऊस पडला की बघता बघता भरून येतं.

सागाखाली या झुडपांचं काय काम, हे समजायला भर पावसात जंगलात उभं राहावं लागतं. सागाचं पान मोठं आणि रुंद. त्याच्यावर पडलेलं पाणी एकत्र होऊन जाड थेंबांनी खाली गळतं, आणि उंचावरून येणारा तो जाड थेंब उघड्या मातीवर साध्या पावसापेक्षा जोराने आदळतो. खाली झुडपं, गवत, पालापाचोळा असेल तर त्या थेंबाचा मार तेच झेलतात आणि पाणी हळूहळू मुरतं. खालचं सगळं साफ झालं असेल, तर उतारावरची माती पहिल्या काही पावसांतच ओढ्याला लागते. मेळघाटचा सगळा पाऊस तीन-चार महिन्यांत पडतो. सिपना, गडगा, खापरा या नद्या तो तापीकडे नेतात, तर वान दक्षिणेला आपल्या पूर्णेकडे येते. वारी भैरवगडच्या वान धरणाचं पाणी अकोट-तेल्हारा भागातली गावं पितात. आपल्या माठातल्या पाण्याचा आणि या झुडपांचा संबंध इतका सरळ आहे.

लाल फूल, राखी फूल

आषाढ-श्रावणापासून दिवाळीच्या सुमारापर्यंत मुरुडशेंग फुलते. पानांच्या बगलेत दोन-चार फुलं एकत्र येतात. ती मोठी नसतात, पण हिरव्या रानात लांबून दिसतात, कारण त्यांचा रंग लाल, भडक. गंमत पुढे आहे. त्याच फांदीवर, त्याच झुपक्यात काही फुलं राखी, शिशाच्या रंगाची, निळसर झाक असलेली दिसतात. बघणाऱ्याला वाटतं दोन जातींची फुलं एका झाडावर आली. खरं तर फूल एकच. उमललं तेव्हा लाल, आणि वय झालं की राखी-निळं.

फुलाची ठेवण जवळून बघावी अशी आहे. पाच पाकळ्या, पण सगळ्या एका मापाच्या नाहीत, आणि मागे वळलेल्या. फुलातून एक लांब, वाकलेला दांडा बाहेर येतो. पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही त्या दांड्याच्या टोकावर, फुलापासून बऱ्याच अंतरावर असतात. मध मात्र खाली, फुलाच्या नळीत. म्हणजे मध प्यायला येणाऱ्याची चोच एकीकडे जाते आणि परागकण लागतात ते त्याच्या डोक्याला. बारीक माशी किंवा मुंगी मध चोरू शकेल, पण त्या दांड्याच्या टोकाला तिचा स्पर्श होणार नाही. हे फूल पक्ष्याच्या मापाचं आहे.

तो पक्षी बहुतेक वेळा शिंजीर. अंगठ्याएवढा, बाकदार चोचीचा. एका फुलावरून दुसऱ्यावर जाताना त्याच्या कपाळावरची परागांची पिवळी धूळ नीट बघितली तर दिसते. सातभाईंची टोळीही या झुडपांत येऊन फुलं चोखते. पक्षी अभ्यासक व्ही. संथारम यांनी १९९६ साली ‘करंट सायन्स’मध्ये मुरुडशेंगेच्या एका झुपक्यावर येणाऱ्या पक्ष्यांच्या आणि फुलपाखरांच्या भेटींवर लेख लिहिला होता. एका साध्या झुडपावर दिवसभर नजर ठेवून बसलं तर केवढं जग हाती लागतं, हे अशा कामातून कळतं. पानांवरही कुणी ना कुणी पोसलं जातंच. गोल्डन अँगल नावाच्या फुलपाखराची अळी मुरुडशेंगेच्या पानावर वाढते. पान गुंडाळून त्याचं घर करते, तेच खाते, तिथेच कोश होते. हे झुडूप नसेल तर त्या फुलपाखराची मादी अंडी कुठे घालणार?

जगात इतर ठिकाणीही जंगलाच्या या खालच्या थराने असेच देखणे मार्ग शोधले आहेत. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या ॲपलाचियन डोंगरांत ओक वृक्षांच्या सावलीला रानटी हायड्रेंजिया वाढतो. तोही झुडूपच, ओढ्यांच्या काठाने आणि खडकाळ उतारांवर राहणारा. त्याच्या गुच्छात कडेला काही मोठी पांढरी फुलं असतात. ती वांझ, फक्त कीटकांना बोलावण्यासाठी. मधली बारीक फुलं खरी, पराग आणि मध त्यांच्यातच. त्याचं मूळ तिथले चेरोकी लोक मूतखड्यावर औषध म्हणून वापरत आले. १९१० साली इलिनॉय राज्यात ॲना गावाजवळ एक असं झुडूप सापडलं ज्याची जवळपास सगळीच फुलं मोठी, वांझ होती. बागवाल्यांनी ते उचललं, ‘ॲनाबेल’ या नावाने ते जगभर गेलं. बागेत तो पांढरा चेंडू सुंदर दिसतो, पण मधमाशीला त्यात फारसं काही मिळत नाही. रानातल्या झुडपाने कीटकांशी जो व्यवहार हजारो वर्षांत बसवला होता, तो बागेत येताना तुटला. म्हणून मला वाटतं, अशा झाडांना आधी त्यांच्या रानात बघावं. कुणाशी त्यांचं देणंघेणं आहे, हे तिथेच कळतं.

पीळ पडतो कसा

फूल राखी होऊन गळतं आणि दांड्याच्या टोकाशी हिरवा अंकुर वाढू लागतो. फळाचे भाग पाच. सुरुवातीला ते सरळ असतात. मग लांब होता होता एकमेकांभोवती वळत जातात, आणि दिवाळीपर्यंत बोटाच्या दोन पेरांएवढी, लव असलेली हिरवी शेंग तयार होते. पीळ इतका घट्ट की पाच वेगळे भाग हाताला लागत नाहीत. थंडीत ती तपकिरी होत जाते, माघ-फाल्गुनात पार वाळते. वाळताना पाचही भाग टोकाशी थोडे सुटतात, आतली शिवण उघडते आणि काळपट, बारीक, कोनदार बिया खाली पडतात. रिकामी शेंग पुढे कितीतरी दिवस फांदीवरच राहते.

या बिया घाईने उगवत नाहीत. त्यांचं कवच कठीण, पाणी आत जाऊ न देणारं. पहिल्या पावसात सगळ्याच उगवल्या आणि मधेच पावसाने ओढ दिली, तर सगळी रोपं एकदम मरतील. वऱ्हाडात पावसाची ओढ काय असते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून काही बिया या वर्षी, काही पुढच्या, काही त्याच्याही पुढच्या, अशा थांबून राहतात. आणि झुडूप एकदा धरलं की जमिनीखालचा गड्डा चिवट असतो. उन्हाळ्यात वणव्याने काठ्या जळाल्या, तरी पावसात खालून नवे धुमारे येतात. तोडलं तरी फुटतं. कोरड्या रानात टिकायला लागणारी सगळी तयारी या झुडपाजवळ आहे.

तिच्या सालीचाही उपयोग आहे. सेमाडोहच्या बाजूला सरपणाची मोळी बांधणारी एक कोरकू मावशी मी पाहिली होती. कोवळी, सरळ काठी निवडली, साल टोकाशी दाताने सोडवली आणि एका ओढीत खालपर्यंत लांब पट्टी काढली. दोन पट्ट्या मांडीवर वळून तिने दोर केला आणि त्याने मोळी आवळली. सगळं चहा उकळायच्या आत. कोकणात हेच झुडूप केवण म्हणून ओळखतात, आणि तिकडेही त्याच्या सालीने काय काय बांधतात. प्लास्टिकची सुतळी गावोगाव पोचली तशी ही कला कमी झाली, पण मेळघाटच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या हातांत ती अजून आहे.

पुस्तकांतही ही शेंग जुनी आहे. केरळच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ दरम्यान ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्यात तिचं चित्र आहे. पुढे १७५३ साली लिनियसने तिला हेलिक्टेरिस आयसोरा असं शास्त्रीय नाव दिलं. श्रीलंकेपासून दक्षिण चीन, जावा आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत ती आढळते. इंडोनेशियातल्या जामू या घरगुती औषधांतही हीच पीळदार शेंग पडते. आपल्या मेळघाटपुरतं बोलायचं तर एम. ए. ढोरे आणि पी. ए. जोशी यांनी व्याघ्र प्रकल्पाच्या वनस्पतींची जी सूची केली, ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. वाघ मोजण्याचं कौतुक सगळीकडे होतं. झाडझुडूप मोजणाऱ्यांचंही तेवढंच व्हायला हवं.

डब्यात येईपर्यंत

सासरे सांगत, त्यांच्या काळी पुष्कळसा रानमाल मीटरगेजने यायचा. अकोल्याहून अकोट, हिवरखेड, वान रोड, धूळघाट करत गाडी खंडव्याला जाई. धूळघाटाजवळ डोंगराला पूर्ण वळसा घालून ती आपल्याच रुळांच्या वर निघायची. वाटेतल्या लहान स्टेशनांवर पोती चढत. त्यात मोहाची फुलं, डिंक, आवळा, आणि हंगामात मुरुडशेंग. रुंदीकरणासाठी ती गाडी २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली. आता माल परतवाडा, धारणी, अकोटच्या व्यापाऱ्यांकडून ट्रकने येतो. गाभा क्षेत्रातून आणि अभयारण्यातून वनोपज काढायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. शेंग यावी ती गावांच्या हक्काच्या जंगलातून आणि शेताच्या बांधांवरून.

पोतं उघडलं की मी सगळ्यात आधी रंग बघते. झाडावर पिकून वाळलेली शेंग गडद तपकिरी, टणक असते; हलवली तर आत उरलेल्या बिया वाजतात. कोवळी तोडून वाळवलेली शेंग हिरवट, सुरकुतलेली, हलकी. तिच्यात बी भरलेलं नसतं. अलीकडे अशी हिरवट शेंग पूर्वीपेक्षा जास्त दिसते. मागणी वाढली, भाव थोडा चढला की कुणीतरी दुसऱ्याच्या आधी पोचायचं म्हणून दिवाळीतच तोडायला लागतं. घाईत शेंगा खुडण्याऐवजी आख्खी फांदी कोयत्याने छाटली जाते. त्यात घुटीचंही नुकसान आणि रानाचंही, कारण बी जमिनीत पडायच्या आधीच शेंग पोत्यात जाते. धारणीकडच्या एका बाईने मला हे फार नेमकं सांगितलं होतं. “शेंग वाळली का बी खाली पडते, मंग आमी तोडतो. हिरवी तोडली त पुढच्या साली काय मिळन?” आम्ही दुकानदारांनी हा नियम पाळला तर गोळा करणाऱ्यांनाही तो पाळणं परवडेल. म्हणून मी हिरवी शेंग घेत नाही, आणि पिकलेल्या शेंगेला दोन पैसे जास्त देते.

औषध म्हणून तिच्याबद्दल जपून बोलायला हवं. पोटातला मुरडा, जुलाब, आव यांवर तिचा वापर फार जुना. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘वनौषधि-गुणादर्श’ची जुनी प्रत आमच्या दुकानात आहे, अशा मराठी ग्रंथांनी रानातल्या औषधांचं ज्ञान घराघरांत नेलं. आधुनिक प्रयोगशाळांनीही या झाडाकडे पाहिलं आहे. मुळांच्या अर्काने मधुमेही उंदरांच्या रक्तातली साखर कमी झाल्याचं संशोधन प्रसिद्ध आहे. पण उंदरांवरचा प्रयोग म्हणजे माणसाचं औषध नव्हे, आणि साखरेच्या गोळ्या सोडून मुरुडशेंगेची पूड घ्यायला आलेल्याला मी परत डॉक्टरांकडे पाठवते.

घुटीबद्दलही मी प्रत्येक बाळंतिणीच्या घरच्यांना सांगते : बाळाला पहिले ६ महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आपले बालरोगतज्ज्ञ सांगतात. पाणीसुद्धा नाही. सहाण, पाणी, वाटी यांतला थोडासा अस्वच्छपणा तान्ह्या पोटाला जड जातो. त्यानंतरही द्यायची तर डॉक्टरांना विचारून. यामुळे माझा एखादा पुडा कमी खपतो, त्याचं मला काही वाटत नाही. आजीचं प्रेम आणि बाळाचं आरोग्य यांत निवड करायची वेळ कुणावर येऊ नये, यासाठी हे सांगणं माझं काम आहे.

झुडपाला मोल आहे

झुडूप म्हटलं की आपल्या मनात निरुपयोगी जागा येते. सागाच्या लागवडीत खालची झुडपं साफ करणं म्हणजे चांगली निगा, असं पुष्कळ काळ मानलं गेलं. पूर्व विदर्भात तर ‘झुडपी जंगल’ नावाची जमिनीची वेगळी नोंदच आहे. नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांतल्या सुमारे ८६,००० हेक्टर झुडपी जंगलाला वन मानायचं की नाही, हा वाद कित्येक दशकं चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अमरावतीचेच सुपुत्र असलेले तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने, ती जमीन वनच मानावी असा निकाल दिला. हा निकाल आमच्या अमरावती विभागाला थेट लागू नाही. पण झुडपालाही जंगल म्हणतात, ही गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगितली, याचा मला फार आनंद झाला.

मुरुडशेंग आज दुर्मीळ नाही. मेळघाटात ती अजून भरपूर आहे, आणि म्हणूनच आत्ता बोलायला हवं. तिच्या जागेवर दुसरंच एक झुडूप पसरतं आहे : घाणेरी, जिला आपल्याकडे रायमुनिया म्हणतात. मूळ अमेरिका खंडातली ही वनस्पती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी भारतात आणली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातल्या व्याघ्रक्षेत्रातला ४० टक्क्यांहून जास्त भाग तिच्या विळख्यात आला आहे. ती जिथे दाट होते तिथे इतर झुडपांच्या रोपांना ऊन मिळत नाही. वणवा लागला तर ती पेट घेते, आणि नंतर पुन्हा सगळ्यांच्या आधी फुटते. दरवर्षी त्याच उतारावर वणवा गेला तर मुरुडशेंगेचा चिवट गड्डाही थकतो. जुना गड्डा कसाबसा तगतो, पण नवीन रोपाला मोठं व्हायला दोन-तीन वर्षंही मिळत नाहीत. वणवे बहुतेक माणसांच्या हातून लागतात, म्हणजे ते थांबवणंही माणसांच्याच हातात आहे.

ते होऊ शकतं, याचा दाखला लांब शोधायला नको. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ साली गावालगतच्या जवळपास १९० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. उजाड झालेलं ते रान गावाने राखलं, झाडं लावली, आणि तिथली सीताफळं मुंबईच्या बाजारापर्यंत नेली. २०१४ साली या गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जंगलावर ज्यांचा हक्क आहे ते त्याला आग लागू देत नाहीत, आणि हिरवी शेंगही तोडू देत नाहीत, कारण पुढच्या वर्षीची शेंग त्यांचीच असते. सीताफळाला जशी ओळख मिळाली, तशी मेळघाटच्या मुरुडशेंगेलाही मिळावी असं मला मनापासून वाटतं.

आपल्यालाही काही करता येईल. शाळेच्या, देवळाच्या, सोसायटीच्या आवारात कुंपणाला परदेशी शोभेची झाडं लावण्याऐवजी मुरुडशेंग लावून बघा. फाल्गुनात पिकलेल्या शेंगेतल्या बिया काढा, चांगल्या तापवलेल्या पाण्यात टाका आणि ते पाणी निवेपर्यंत, रात्रभर, तशाच राहू द्या. कठीण कवच त्याने मऊ होतं. मग पिशवीत माती आणि वाळू घालून पेरा, पाऊस धरला की जमिनीत लावा. पाणी साठणारी जागा नको, उताराची, निचऱ्याची हवी. पुढे कधीतरी पावसाळ्यात फुलं येतील, शिंजीर येतील, आणि मुलांना लाल फुलाचं राखी फूल होताना शाळेच्या कुंपणावरच बघता येईल.

आणि दुकानात गेलात की विचारा : ही शेंग कुठल्या रानातली, पिकून तोडलेली की हिरवी? गिऱ्हाइकाने विचारलं की दुकानदार व्यापाऱ्याला विचारतो, व्यापारी गोळा करणाऱ्याला. कायदा जंगलाच्या हद्दीपर्यंत पोचतो, पण फांदी छाटायची की शेंग खुडायची हे ठरतं ते बाजार काय मागतो त्यावर. बाजार म्हणजे आपणच. पिढ्यान् पिढ्या या झुडपाने आपल्या घरातली बाळं सांभाळली, अशी आपली श्रद्धा आहे. त्या श्रद्धेच्या माणसांनी सातपुड्याच्या उतारावरचं हे झुडूप सांभाळावं, एवढंच मला सांगायचं आहे.